कॅसेट ते मोबाइल: घरच्या मीडिया सर्व्हरची मांडणी

घरात मीडिया सर्व्हर, म्हणजे घरची गाणी, व्हिडिओ, फोटो टीव्ही-मोबाइलवर पुरवणारा संगणक, बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. जुन्या लॅपटॉपवर जेलिफिन नावाचा प्रोग्रॅम टाकला, टीव्हीवर त्याचं ॲप उघडलं, की सिनेमा दिसायला लागतो. खरं काम त्याच्या आधीचं. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या यंत्रांवर जमलेला पसारा एका जागी आणायचा कसा, त्याला नावं काय द्यायची, आणि उद्या आपण नसताना घरातल्या दुसऱ्या माणसाला तो सापडेल असा लावायचा कसा, हे ठरवण्यात महिने जातात.

विदर्भातल्या खेड्यात एखाद्या जुन्या घरची आलमारी उघडून पाहा. भजनी मंडळाच्या कॅसेट निघतील. २००० नंतरच्या लग्नांच्या व्हीसीडी, मग डीव्हीडी, मग फोटोग्राफरने दिलेला पेनड्राइव्ह. बंद पडलेल्या मोबाइलची मेमरी कार्डं, कोपरे चिकटलेले अल्बम, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग. भंडारा-गोंदियाकडचं घर असेल तर दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कुणीतरी मोबाइलवर घेतलेली दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य. आणि वरून व्हॉट्सॲपवर आलेला ढीग.

सर्व्हर लावण्याबद्दल जे सगळीकडे सांगितलं जातं, ते सिनेमे आणि मालिका समोर ठेवून सांगितलेलं असतं. सिनेमाचं नाव आणि वर्ष बरोबर लिहिलं की प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या डेटाबेसमधून पोस्टर, कलाकार, गोषवारा आपोआप आणतो. आपल्या गावच्या खंजिरी भजनाची, मामाच्या लग्नाची किंवा दंडारीची नोंद अशा कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही. ही माहिती गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. म्हणून आपली मांडणी थोडी वेगळी करावी लागते, आणि लवकर करावी लागते.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय

ज्या संगणकावर फायली ठेवल्या आहेत आणि जो टीव्हीने किंवा मोबाइलने मागितलेली फाइल वाय-फायवरून देतो, तो सर्व्हर. त्याला इंटरनेट लागत नाही, घरातला राउटर चालू असला की पुरे. दोन दिवस नेट गेलं तरी आजीला टीव्हीवर नातवाच्या बारशाचा व्हिडिओ पाहता येतो. आमच्या भागात ही गोष्ट लहान नाही.

जेलिफिन हा प्रोग्रॅम २०१८च्या डिसेंबरमध्ये जन्मला. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमने आपला कोड बंद करायचं ठरवलं, तेव्हा तोवरचा खुला कोड घेऊन काही जणांनी तो वेगळा पुढे नेला. त्यासाठी कुठल्या कंपनीकडे खातं काढावं लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. प्लेक्स हा याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम दिसायला देखणा आहे, पण त्याला खातं लागतं आणि काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. खेड्यातल्या घरासाठी मी जेलिफिनच सुचवेन.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. जेलिफिन फक्त दाखवणारा आहे. मांडणी त्याच्यात करायची नाही. ती फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात आणि फाइलच्या पोटात करायची. प्रोग्रॅम बदलतात, बंद पडतात, विकले जातात. सहा महिने खपून एखाद्या ॲपमध्ये नावं भरली आणि ते ॲपच गेलं, तर नावंही गेली. उलट फोल्डर नीट असेल तर डिस्क कुठल्याही संगणकाला जोडा, काहीही इन्स्टॉल न करता घरातलं पोरगंही हवी ती फाइल काढू शकेल. कुठलाही निर्णय घेताना हाच प्रश्न विचारायचा: प्रोग्रॅम उडाला तर हे उरेल का?

मालाप्रमाणे जागा

सगळं एका पद्धतीने लावायचा मोह होतो. तो टाळा, कारण माणूस प्रत्येक गोष्ट वेगळ्या धाग्याने शोधतो. गाणं गाणाऱ्याच्या नावाने शोधतो, सिनेमा नावाने, घरचा व्हिडिओ प्रसंगाने, फोटो काळाने, पुस्तक लेखकाच्या नावाने. कीर्तन तर पुन्हा वेगळं. दीड तासाचं कीर्तन एका बैठकीत कुणी ऐकत नाही, त्यामुळे कुठे थांबलो होतो ते लक्षात राहायला हवं. गाण्यांच्या ॲपला बहुधा ते जमत नाही, ऑडिओबुकच्या प्रोग्रॅमला जमतं. म्हणून कीर्तनं-प्रवचनं गाण्यांत मिसळू नयेत.

डिस्कवर वरच्या पातळीला सहाच फोल्डर करा: गाणी-भजनं, कीर्तनं, सिनेमे-मालिका, घरचे व्हिडिओ, फोटो, पुस्तकं. याशिवाय दोन फोल्डर असे, जे सर्व्हरला दाखवायचेच नाहीत. पहिला ‘आवक’. नवीन येणारं सगळं आधी तिथे पडेल आणि नाव दिल्यावरच पुढे जाईल. दुसरा ‘मूळ’. कॅसेटवरून जसंच्या तसं उतरवलेलं रेकॉर्डिंग, स्कॅन केलेला मूळ फोटो, व्हीसीडीची जशीच्या तशी प्रत तिथे राहील. काटछाट, सफाई, आकार लहान करणं जे काय करायचं ते प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

जेलिफिनमध्ये लायब्ररी तयार करताना प्रकार विचारला जातो. घरच्या व्हिडिओंना ‘होम व्हिडिओ’ हाच प्रकार द्या. चुकून ‘सिनेमा’ निवडला, तर प्रोग्रॅम इंटरनेटवर त्या नावाचा चित्रपट शोधतो आणि काकाच्या लग्नावर कुठल्याशा परक्या सिनेमाचं पोस्टर चिकटवतो.

नाव द्यायची रीत

तारीख आधी, प्रसंग नंतर, गाव शेवटी. तारीख वर्षापासून सुरू करायची: 2004-05-12 धाकट्या काकाचं लग्न, दारव्हा. असं लिहिलं की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या १२ तारखा एकत्र येऊन बसतात. आकडे इंग्रजीच ठेवा, कारण सर्व्हर वर्ष आणि भाग क्रमांक त्यावरून ओळखतो. शिवाय काही नावांत मराठी आणि काहींत इंग्रजी आकडे असले की क्रम तुटतो. तारीख माहीत नसेल तर वर्ष, तेही नक्की नसेल तर ‘1995 अंदाजे’. खोटी तारीख टाकू नका. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहिलेला असावा.

खेड्यात माणसं तारखेने आठवत नाहीत, सणाने आठवतात. ‘तान्हा पोळा होता, त्याच्या आदल्या वर्षी घर बांधलं.’ एवढं पुरतं. पोळा पिठोरी अमावास्येला येतो, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. त्या वर्षीचं पंचांग काढा, नेमकी तारीख हातात येते. घर कधी बांधलं ते ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्यांवरून कळायला मदत होते. फोटोतल्या मुलीच्या अंगावरचा शाळेचा गणवेशही वर्ष सांगून जातो.

नावं देवनागरीत लिहावीत की रोमनमध्ये? मी देवनागरीच्या बाजूचा आहे. रोमनमध्ये एकाच विठ्ठलाची चार स्पेलिंगं होतात आणि शोधताना तीन सुटतात. देवनागरीत मात्र दोन अडचणी येतात, त्या आधी माहीत असाव्यात.

पहिली लांबीची. संगणक अक्षरं साठवतो त्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-वेलांटी-हलन्त ही वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. लिनक्स या फुकट संगणकप्रणालीत डिस्क ‘ईएक्सटी४’ पद्धतीने लावलेली असली, तर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं. विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं, म्हणून तिथे चाललेलं लांबलचक मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी होताना अडतं. नाव आटोपशीर ठेवा, बाकीची हकिगत आत लिहा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. एका कीबोर्डवर यातला अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ या अक्षरातून तयार होतो, दुसऱ्यावर साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही मोबाइलवर ‘वऱ्हाडी गाणी’ शोधता आणि भाच्याने लॅपटॉपवर भरलेली वऱ्हाडी गाणी सापडत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. तो एक अख्खं अक्षर म्हणून टाइप होतो, किंवा अ वर अर्धचंद्र देऊनही होतो. उपाय एकच. घरात नावं भरणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, आणि वर्षातून एकदा शोधा-बदला करून सगळी नावं एका रूपात आणावीत.

कॅसेट

इथे थोडं थांबू, कारण आमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत लवकर नासणारा ऐवज हाच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या प्रेरणेने गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं उभी राहिली, खंजिरी भजनाची परंपरा वाढली, आणि टेपरेकॉर्डर घरोघरी आले तेव्हा लोकांनी आपापल्या मंडळांची भजनं भरून ठेवली. अशा कॅसेटची बहुधा दुसरी प्रत नसते.

कॅसेट लावण्याआधी पाहा. पावसाळ्यात दमट पेटीत राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी येते. तशी फीत प्लेअरमध्ये घातली तर हेडही खराब होतं. हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावं. हेड आणि रबराचं चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे पळवा, एकदा पूर्ण मागे, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते आणि तिचा ताण सारखा होतो.

प्लेअरच्या हेडफोन किंवा लाइन-आउट मधून वायर संगणकाकडे न्यायची. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती सरळ खुपसू नका. ते भोक बहुतेक लॅपटॉपवर एकाच चॅनेलचं असतं आणि माइकसाठी आवाज वाढवून घेतं, त्यामुळे आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा. सगळ्यांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढी पातळी ठेवा. सीडीचा दर्जा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, कॅसेटला भरपूर झाला. त्याला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबीची होते. ‘फ्लॅक’ या प्रकारात जपली तर जागा बरीच वाचते, कित्येकदा निम्मी, आणि आवाजातलं काहीच गळत नाही. एमपी३ मध्ये गळतं. म्हणून मूळ प्रत फ्लॅक, आणि गाडीत ऐकायची प्रत एमपी३.

खेड्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये एक दोष वारंवार आढळतो. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरत आले की फीत हळू फिरत भरली जायची, आणि आज बरोबर वेगाने वाजवली की बुवांचा आवाज पातळ, घाईघाईचा ऐकू येतो. किती हळू करायचं ते कानाने ठरवू नका. मंडळाची बाजाची पेटी (हार्मोनियम) अजून कुणाच्या घरी असेल तर ती काढा, बुवा पेटीच्या कोणत्या पट्टीत गात ते विचारा. काळी दोन म्हणाले आणि कॅसेटवर सूर पांढरी तीनवर लागत असेल, तर वेग अर्ध्या सुराने जास्त आहे. ऑडॅसिटीत तेवढाच कमी करा, अर्थात प्रतीवर.

आवाज ‘साफ’ करण्याचा सोसही आवरा. फितीची सरसर आणि खंजिरीच्या झांजांचा छनछनाट हे दोन्ही उंच पट्टीतले आवाज आहेत. सफाई जोरात केली की सरसर जाते आणि तिच्याबरोबर खंजिरीही मरते. मागून येणारा कुत्र्याचा आवाज, कुणीतरी ‘चहा आला’ म्हणणं, हेही कापू नका. ती रात्र त्यातच आहे.

मग येतो नावांचा प्रश्न. आमच्याकडच्या एका कॅसेटच्या कागदावर निळ्या बॉलपेनने ‘मंडळ, रात्र’ एवढंच लिहिलं होतं. आत्यांना मोबाइलवर ऐकवलं. दोन ओळींतच त्या म्हणाल्या, “हा आवाज बापूचा नोहे. बापू खंजिरी वाजोत हाये. मंधात खोकलला ना, तो बापू.” गाणारे त्यांचे मावसभाऊ होते, कार्यक्रम शेजारच्या गावातल्या पुण्यतिथीचा होता, आणि त्या साली विहीर खोदणं चालू होतं. हे सगळं पाच मिनिटांत कळलं. जगातल्या कुठल्याही डेटाबेसला हे सांगता आलं नसतं. म्हणून माझा आग्रह आहे, की आधी सगळ्या कॅसेट उतरवू आणि मग नावं विचारू, असं करू नका. एक उतरवली की लगेच घेऊन बसा, आणि सांगणाऱ्याचं बोलणंही मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

ही माहिती फाइलच्या पोटात भरायची, ज्याला टॅग म्हणतात. एमपी३टॅग किंवा पिकार्ड हे प्रोग्रॅम त्यासाठी आहेत. त्यात ‘कलाकार’ आणि ‘अल्बमचा कलाकार’ असे दोन वेगळे रकाने असतात, आणि घोटाळा इथेच होतो. एका रात्रीच्या कार्यक्रमात सात जण गायले आणि तुम्ही फक्त ‘कलाकार’ भरला, तर अनेक ॲप त्या एका रात्रीचे सात अल्बम करून टाकतात. ‘अल्बमचा कलाकार’ या रकान्यात सगळ्या भजनांना मंडळाचं एकच नाव द्या, ‘कलाकार’ मध्ये गाणाऱ्याचं, आणि ‘अल्बम’ मध्ये प्रसंग व वर्ष. सातही भजनं एका जागी राहतील आणि गाणाऱ्याच्या नावानेही सापडतील. रचनाकाराचा रकाना भजनच भरून देतं: शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘तुकड्यादास’ अशी मुद्रा असतेच. एमपी३ मध्ये ‘आयडी३ आवृत्ती १’ नावाचा जुना टॅग असेल तर काढून टाका. त्यात शीर्षकाला ३० बाइटचीच जागा आहे आणि देवनागरीची सोय नाही. प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात त्या बरेचदा त्याच्यामुळे.

व्हीसीडी, डीव्हीडी आणि आजचे व्हिडिओ

लग्नाची व्हीसीडी संगणकात उघडली की त्यात ‘डीएटी’ शेपटाची मोठी फाइल दिसते. बरेच प्रोग्रॅम ती ओळखत नाहीत. आत साधा एमपीईजी-१ व्हिडिओ असतो, आपल्याकडे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचा. एफएफएमपीईजी या प्रोग्रॅमने तो पुन्हा न दळता, नुसता कॉपी करून ‘एमपीजी’ फाइलमध्ये काढता येतो. व्हीसीडीवर व्हिडिओच्या चुका भरून काढायला राखीव माहिती फार कमी असते, त्यामुळे ओरखडा लगेच भोवतो. एका ड्राइव्हमध्ये अडली तर दुसऱ्यात घालून पाहा. अडलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधीकधी सहज वाचतो.

डीव्हीडीत व्हिडिओचे १ जीबीचे तुकडे असतात. मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम त्यांना दर्जा न बिघडवता जोडून एक एमकेव्ही फाइल देतो. इथे एमकेव्ही, एमपी४ या नावांचा गोंधळ उलगडून घेऊ. एमकेव्ही आणि एमपी४ हे स्टीलचे डबे आहेत. आत भाजी कोणती ते झाकणावरून कळत नाही. भाजी म्हणजे कोडेक, व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत: एच.२६४ (२००३), एचईव्हीसी ऊर्फ एच.२६५ (२०१३), एव्ही१ (२०१८). ‘एमपी४ आहे तरी टीव्हीवर लागत नाही’ याचं कारण बहुधा हेच, की नव्या मोबाइलने आत एचईव्हीसी भरलं आहे आणि जुन्या टीव्हीला ते पचत नाही.

अशा वेळी सर्व्हर व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या कोडेकमध्ये बदलून देतो. यात प्रोसेसरचा घाम निघतो. इंटेलच्या २०१५ नंतरच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी हाताळणारा स्वतंत्र भाग असतो, त्यामुळे त्या काळानंतरचा जुना लॅपटॉप हे पेलतो. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकामध्ये व्हिडिओ नव्याने तयार करणारा असा भागच नाही, म्हणून व्हिडिओच्या सर्व्हरसाठी मी तो घेणार नाही. अजून सोपा मार्ग म्हणजे टीव्हीला सगळं वाजवणारी एखादी स्टिक लावणं, मग सर्व्हरला बदलायचं कामच उरत नाही.

जुने व्हिडिओ एआयने मोठे, चकचकीत करून देणारी सॉफ्टवेअर आता निघाली आहेत. ती चेहऱ्यात नसलेले तपशील स्वतःच्या मनाने भरतात. वाटलं तर करून पाहा, पण तो व्हिडिओ मूळ म्हणून ठेवू नका. आजोबांचा चेहरा अंधूक असला तरी तो त्यांचा आहे.

नाटकाचं किंवा दंडारीचं शूटिंग तुकड्यांत असतं, कारण जुन्या मेमरी कार्डावरच्या एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये, एकाच नावाने, शेवटी भाग क्रमांक देऊन ठेवा. प्रत्येक व्हिडिओशेजारी साधी मजकुराची फाइल ठेवा: कोण दिसतं, कितव्या मिनिटाला, शूटिंग कुणाचं. जेलिफिन आणि कोडी हा दुसरा तसाच प्रोग्रॅम ‘एनएफओ’ नावाची फाइल वाचतात, तीत हीच माहिती भरली की टीव्हीवरही दिसते.

फोटो

४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, तेवढे पुरेत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नाव, साल, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. स्कॅन केलेल्या फाइलला संगणक आजची तारीख देतो आणि आजीचं लग्न कालच्या फोटोंत जाऊन बसतं. डिजिकॅम या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये खरी तारीख फाइलच्या आत लिहा. चेहऱ्यांची नावंही फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय त्यात आहे; फोटोंचे अनेक प्रोग्रॅम ती स्वतःच्या डेटाबेसमध्येच ठेवतात.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकाराने दाबलेला असतो, आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख-जागा पुसलेली असते. फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसून तो व्हॉट्सॲपवर आल्या-गेल्याची असते. २०२० मध्ये पुढे ढकललेला १९९० चा फोटो त्यामुळे २०२० चा वाटतो. नातेवाइकांना सांगा, की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल तशीच येते.

पुस्तकांचं काम कॅलिबर हा प्रोग्रॅम करतो. तो स्वतःचे फोल्डर स्वतः लावतो, तिथे हाताने ढवळाढवळ करू नये. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या, नाहीतर त्यात शोधता येणार नाही. स्कॅन केलेल्या पानांवरची मराठी अक्षरं टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम ओळखतो.

ऊन, लाइट, धूळ

सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉपच बरा. तो साधारण १५ वॉट खातो असं धरलं तर महिनाभर अखंड चालून ११ युनिट होतात, आणि लाइट गेली की त्याची बॅटरी सांभाळते. पण जोडलेली डिस्क कोणती, ते पाहा. मोठ्या, ३.५ इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. लहान, २.५ इंची डिस्क यूएसबीवरच चालते, ती घ्या. डिस्कची पद्धत ईएक्सटी४ किंवा एनटीएफएस ठेवा. ऐन लिहिताना लाइट गेली तर त्या सावरतात. एक्सफॅट या पद्धतीला ती सोय नाही.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, आणि टिनाच्या छताखाली, बंद आलमारीत ती गाठायला वेळ लागत नाही. खालच्या मजल्यावर, जाड मातीच्या भिंतीच्या खोलीत, मोकळ्या हवेत ठेवा. दुपारी १२ ते ५ बंद ठेवला तरी बिघडत नाही. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. कापसाच्या दिवसांत पंख्यात तंतू अडकतात, महिन्याला एकदा ब्रश फिरवा. बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा.

दुसरी प्रत, आणि कुणाला द्यायचं

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना आणि चोख नियम आहे. घराबाहेरची डिस्क लेकीच्या सासरी किंवा शहरातल्या भावाकडे ठेवा आणि दिवाळीला, पोळ्याला येण्याजाण्यात बदला. क्लाउडवर भरायला खेड्यातलं नेट पुरत नाही, पण डिस्क पिशवीतून जाते. प्रत घेताना ‘इथे पुसलं ते तिथेही पुसा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. फायलींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, काढून ठेवले तर वर्षभराने प्रत शाबूत आहे की नाही तेही तपासता येतं.

गावाबाहेरून सर्व्हर पाहायचा असेल तर टेलस्केलसारख्या प्रोग्रॅमची, फक्त आपल्याच यंत्रांना जोडणारी खाजगी वाट वापरा. राउटरचं दार सगळ्या जगाला उघडू नका.

राहिला हक्काचा प्रश्न. भारतीय कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. विकत घेतलेली कॅसेट घरात ऐकायला उतरवणं आणि ती सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकणं यांत फार फरक आहे. मंडळाचं रेकॉर्डिंग असलं तरी गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर टाकू नये. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांचं तर पोटच त्या प्रयोगांवर आहे.

सुरुवात कॅसेट आणि व्हीसीडीपासून करा, मग जुनी मेमरी कार्डं, मग अल्बम. सिनेमे सगळ्यांत शेवटी, ते दुसरीकडेही मिळतात. आणि कॅसेटमध्येही क्रम लावायचा तर फितीच्या वयाने लावू नका. ज्या कॅसेटचे आवाज ओळखणारं आता एकच माणूस उरलं आहे, ती आधी घ्या.